एकदा वापरलेली स्वतःलाच चिकटणारी इलॅस्टिक पट्टी परत वापरली तर चालते का?

केजची_माय
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहायलीय. आमची थोरली पोलीस भरतीची तयारी करायलीय, रोज पहाटं पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर आठशे मीटर मारती, अन् मागच्या सोमवारी अंधारात खडीवर पाय पडून उजवा घोटा मुरगळला. लगेच टम्म सुजला. एक्स-रे काढला, हाड शाबूत हाय, डॉक्टर म्हणले लिगामेंटला ताण बसलाय, थोडे दिवस पळायचं नाही, पट्टी बांधायची. त्यांनी ती नवीन निघालेली पट्टी बांधून दिली, निळी, जरा खरबरीत, कातडीला चिकटत नाही पण पट्टी पट्टीलाच धरून बसती, क्लिप नको पिन नको. पोरीला लई बरं वाटलं त्यानं.

मेडिकलमधून तसाच एक रोल आणला, एकशे ऐंशी रुपये गेले. आता अडचण अशी की अंघोळीला अन् रात्री झोपताना काढायची म्हणलेत, अन् दरवेळी नवीन बांधायची तर रोल दोन-तीन दिवसात संपतोय. म्हणून मी काल काढलेली पट्टी साबणाच्या पाण्यात भिजवली. तर बादलीतच तिचा गोळा झाला बघा, एकमेकाला असं धरून बसलं की उकलता उकलता निम्मी फाटली. जी राहिली ती पत्र्यावर उन्हात वाळवली अन् आज परत बांधली, पण टोक काही धरंना, सारखं सुटायलंय. मी घरी शिवणकाम करते, म्हणून मग पायावरच वरच्या पदराला सुईदोऱ्यानं चार टाके घातले. आता पोरगी म्हणती पायाला मुंग्या येत्यात.

हे बरोबर केलं का चूक केलं? धुवून वापरायची काही वेगळी पद्धत हाय का? कुणाला माहीत असंल तर सांगा.


फिजिओ_नांदेड
मंगळवार, रात्री ९.५२

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा. आधी ते टाके कापा आणि पट्टी सोडा. आत्ता. कात्री आतल्या बाजूला घालताना बोथट टोक कातडीकडं ठेवा. पट्टी काढून पाय दोन उश्यांवर वर ठेवा आणि अर्ध्या तासात मुंग्या गेल्या का ते इथं लिहा. बोटं गार किंवा निळसर दिसत असतील, किंवा सोडल्यावरही बधिरपणा जात नसेल तर सकाळची वाट बघू नका, दवाखान्यात न्या.


केजची_माय
मंगळवार, रात्री १०.३५

काढली दादा. बोटं गार नव्हती पण घोट्याच्या वर जिथं टाके घातलेले तिथं गोल वळ उठला होता, करदोट्याचा उठतो तसा. आता मुंग्या गेल्या, झोपलीय. लई उपकार झाले.


औसेकर_मेडिकल
बुधवार, सकाळी ८.१५

ताई, पोरगी बरी हाय हे वाचून बरं वाटलं. मी मेडिकल चालवतो, हा प्रश्न आमच्या काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. लोक सगळ्यालाच चिकटपट्टी म्हणतात, पण दुकानात तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, क्रेप बँडेज, ज्याला आपल्याकडं गरमपट्टी म्हणतात, ती सुती असती, तिला डिंक नसतो, क्लिप लावून बंद करायची. दुसरी डायनाप्लास्टसारखी, तिच्या पाठीला गोंद असतो अन् ती थेट कातडीला चिकटती, काढताना केस ओढले जातात ती. अन् तिसरी तुम्ही म्हणताय ती, कोहेसिव्ह बँडेज. हिचं कापड विणलेलं नसतं, बारीक धागे दाबून बनवलेलं असतं, त्यात लांबीच्या दिशेनं ताणणारे रबरी नाहीतर स्पँडेक्सचे दोरे सोडलेले असतात, अन् सगळ्यावर रबराच्या चिकाचा, म्हणजे लेटेक्सचा, नाहीतर लेटेक्स-फ्री असेल तर कृत्रिम चिकट पदार्थाचा हलका लेप असतो. तो लेप फक्त स्वतःच्या जातीच्या लेपाला धरतो. म्हणून कातडीला, केसाला चिकटत नाही.

आता ह्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर हाय. तो लेप एकदा उघडला की त्याच्यावर घाम, कातडीचा कोंडा, पायमोज्याचे तंतू, धूळ बसती. मग लेपाला लेप भेटतच नाही, मधी कचरा येतो. धुतल्यानं कचरा जाईल असं वाटतं पण ओलं असताना ती आपल्यातच गुंडाळून बसती, तुमच्या बादलीत झालं तसं. उकळलं तर अजूनच वाट लागती, रबराला उष्णता चालत नाही अन् ऊनही चालत नाही. पत्र्यावर वाळवली म्हणलात, आपल्याकडं उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नाही. त्यानं दोऱ्यातला ताण मरतो.

पाकिटावर बघा, एक गोल असतो, त्यात २ आकडा अन् त्यावर तिरपी रेघ मारलेली. त्याचा अर्थ दुसऱ्यांदा वापरू नका. कोहेसिव्ह पट्टीच्या पाकिटावर ही खूण बहुतेक असतीच. गिऱ्हाइकाला मी ती बोट ठेवून दाखवतो, कारण अक्षरं इतकी बारीक असतात की कुणी वाचत नाही.


कबड्डी_जिंतूर
बुधवार, सकाळी १०.०५

राम राम. मी गावातल्या पोरांची कबड्डी घेतो गेली बारा वर्षं. मेडिकलवाल्या दादांचं बरोबर हाय पण खरं सांगू का, आम्ही सर्रास परत वापरतो. पाकिटावर काहीही असू द्या, आमच्याकडं एका टीमला बारा पोरं, त्यातल्या पाच-सहांची बोटं, मनगटं, घोटे रोज बांधावे लागतात. दरवेळी नवीन म्हणलं तर बुटाचे पैसे पट्टीत जातील. आम्ही हळू उकलतो, ताणत नाही, लगेच परत रोल करून ठेवतो, दोन-तीन सराव आरामात निघतात. धरायचं बंद झालं की वरून सेलोटेप. आजवर कुणाला काही झालं नाही. एकच रोल या पोराचा त्या पोराला बी लावलाय. एवढं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं, बाकी जाणकारांनी सांगावं.


सिस्टर_परभणी
बुधवार, दुपारी ३.२०

ड्युटीवरून आले, आता निवांत लिहिते. वीस वर्षं ड्रेसिंग करते, त्यातली बरीच ग्रामीण भागात.

केजच्या ताई, तुम्ही चूक केली असं मनाला लावून घेऊ नका. आपल्या घरात काहीच वाया घालवायची सवय नाही, जुन्या लुगड्याची वाकळ होते तिथं एकशे ऐंशीची पट्टी टाकायला हात धजत नाही हे मला कळतं. पण प्रत्येक वेळी एकच उत्तर नसतं, कुठं लावली होती आणि परत कुठं लावणार त्यावर आहे सगळं.

जखमेवर, टाक्यांवर, फोडावर, खरचटल्यावर, सलाईनच्या जागेवर, रक्त काढल्यावर कोपराला जी गुंडाळतात तिथं, म्हणजे जिथं रक्त, पू, पाणी यांचा संबंध आला ती पट्टी एकदा निघाली की गेली. तिथं दुसरा विचारच नाही. वरून कोरडी दिसली तरी नाही. तिच्या आत कापसासारखे बारीक कप्पे असतात, ओल आत शिरली की बाहेर येत नाही, आणि घरी ती निर्जंतुक करायचा कोणताच मार्ग नाही. डेटॉलच्या पाण्यात बुडवली म्हणजे झालं असं लोक म्हणतात, तसं होत नाही, वर तो ओलसर वास लागलेला पट्टा दिवसभर कातडीवर राहिला की कातडी पांढरी पडून सोलते. रक्तदान शिबिरातून आलेली रंगीत पट्टी लेकराच्या ढोपराला बांधलेली मी स्वतः पाहिली आहे. बापाचं रक्त लागलेली पट्टी, लेकराचं उघडं ढोपर. दवाखान्यात अशी पट्टी आम्ही पिवळ्या पिशवीत टाकतो, दवाखान्यातल्या कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत तसे. घरी निदान कागदात गुंडाळून टाका, उकिरड्यावर उघडी टाकू नका, कुत्री ओढतात.

दुसरं, एका माणसाची दुसऱ्याला कधीच नाही. जिंतूरचे दादा, राग मानू नका पण तुमचं हे मला पटत नाही. आपल्याकडं गजकर्ण किती वाढलंय ते कुठल्याही ओपीडीत बसून बघा. घामेजलेल्या मांड्या, काखा, पायाची बोटं, आणि ती बुरशी कपड्यातून, टॉवेलातून, चटईतून पसरते. पट्टी तर टॉवेलापेक्षा घट्ट आणि घामट. काही झालं नाही म्हणताय, पण तुमच्या पोरांपैकी किती जणांनी खाज लपवून ठेवली असेल? ह्या वयातली पोरं सांगत नाहीत.

आता तिसरं, तेच माणूस, तीच जागा, कातडी धडधाकट, कोरडी, पट्टीही कोरडी आणि स्वच्छ. सकाळी बांधली, दुपारी ढिली वाटली म्हणून सोडून परत नीट बांधली. इथं मी स्वतः सुद्धा हो म्हणेन. कंपनी एकदाच म्हणते आणि नियमानं तेच खरं, पण त्याच दिवशी त्याच पायावर परत गुंडाळली तर जंतूंच्या हिशोबानं फार फरक पडत नाही. अट एकच, ती स्वतःच्या बळावर धरली पाहिजे. टोक दाबलं, पाय चार वेळा वर-खाली हलवला, तरी टोक जागेवर राहिलं तरच. सेलोटेप, पिन, दोरा, टाके, ह्यातलं काहीही लागलं की समजायचं पट्टी संपली.

आणि बांधायची कशी तेही सांगते कारण अर्धं दुखणं बांधण्यात असतं. रोलमधून थेट ओढत बांधू नका, रोल आधीच ताणून गुंडाळलेला असतो. हातभर पट्टी आधी सोडवून मोकळी करायची, तिला सैल होऊ द्यायची, मग पायावर ठेवत जायची, ताण लागलाच तर निम्मा. सुरुवात पायाच्या बोटांच्या मुळाशी, तिथून वर. टाच उघडी सोडू नका, घोट्यावरून इंग्रजी आठसारखा वेढा. प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा. बोटं उघडी ठेवायची म्हणजे बघता येतात. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबा, पांढरं पडेल, सोडल्यावर दोन-तीन सेकंदात गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर सोडा. दहा मिनिटांनी परत बघा, कारण ही पट्टी क्रेपसारखी सैल पडत नाही, सूज वाढली की तीच आवळते.


कबड्डी_जिंतूर
बुधवार, सायंकाळी ६.४०

सिस्टर, राग कशाला मानू. तुम्ही लिहिलेलं वाचून आज सरावाला पोरांना सरळ विचारलं, कुणाला खाज हाय का. आधी कुणी बोलंना. मग एकेकाला बाजूला घेऊन विचारलं तर तिघं निघाले. एकाच्या मनगटाला बरोबर पट्टीच्या रुंदीएवढा लालसर पट्टा, कडेनं बारीक पुळ्या. तो म्हणला सर दोन महिने झाले, तुम्ही टीमबाहेर बसवताल म्हणून बोललो नाही. मला बसल्या जागी कसंतरी झालं. उद्या तिघांना त्वचेच्या डॉक्टरकडं नेतोय.


सिस्टर_परभणी
बुधवार, रात्री ८.१०

चांगलं केलं दादा. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून ट्यूब आणून लावू नका तोवर, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आत पसरते. आणि त्या पोराचं गजकर्णच असेल असंही नाही, पट्टीएवढाच पट्टा असेल तर रबराची अॅलर्जी पण असू शकते. डॉक्टरांना पट्टीचं पाकीट दाखवा.


रानातली_वाट
बुधवार, रात्री ९.३०

मी तुळजापूरकडची. माझा अनुभव सांगावा का नाही असा कालपासून विचार करत होते, पण ताईंच्या टाक्यांचं वाचून राहवलं नाही.

आमचे आण्णा, वय ६८, शुगर पंधरा-सोळा वर्षांपासून. दोन वर्षांमागं विहिरीच्या पायऱ्यावर पाय सटकला, मुरगळला. दवाखान्यात अशीच पट्टी बांधली, तिसऱ्या दिवशी काढून बघितलं सूज कमी झालेली. मग चुलत भावानं तीच पट्टी घरी परत बांधली. तिचा ताणच गेला होता, घसरत होती, म्हणून त्यानं आपली जीव लावून ओढून ओढून बांधली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला वाटलं सैल राहिली तर उपयोग नाही. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांना काही जाणवलंच नाही. शुगरनं पायातली जाणीव किती कमी झाली होती हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं पाय धुवायला पट्टी काढली तर टाचेच्या वर पाण्याचा फोड आणि करंगळी जांभळी. चार महिने ड्रेसिंग केलं. करंगळी वाचली, पण ते चार महिने घरात कुणी नीट जेवलं नाही.

एवढंच सांगायचं होतं. घरात शुगरचं माणूस असेल तर घरी पट्टी बांधूच नका, नवी नको आणि जुनी तर नकोच, आधी डॉक्टरांना विचारा.


फिजिओ_नांदेड
बुधवार, रात्री १०.१५

रानातली_वाट ताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. सगळे जंतूंबद्दल बोलतात, पण परत वापरण्यातला मला जास्त वाटणारा धोका हाच आहे. ताण मेलेली पट्टी माणूस जास्त ओढतो.

ह्याच्यामागं साधं गणित आहे. पट्टीचा दाब मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो, किती ओढली, किती वेढे दिले आणि पाय किती जाड. ओढ वाढली की दाब वाढतो, वेढे वाढले की वाढतो, आणि पाय जितका बारीक तितका दाब जास्त. म्हणून सारख्याच ओढीनं पोटरी आणि घोटा बांधला तर घोट्यावर जास्त दाब येतो. नव्या पट्टीला सगळीकडं सारखा ताण असतो, त्यामुळं हाताला अंदाज येतो. वापरलेलीला एक तुकडा मेलेला, एक जिवंत. मेलेल्या जागी तुम्ही ओढता आणि पुढचा जिवंत तुकडा दोरीसारखा रुततो. टाके घातल्यावर तर ती सूज वाढली तरी सुटायची जागाच उरत नाही. केजच्या ताई, तुमच्या लेकीला जो गोल वळ उठला तो म्हणूनच.

आता घोट्याबद्दल. चार पावलं वजन टाकून चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढायचा असतो. तुमचा काढून झालाय, हाड ठीक आहे, चांगलं झालं. पहिले दोन-तीन दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, पाय उंच, चोळणं अजिबात नाही. आपल्याकडं कुणीतरी हमखास सांगतं की अमक्या गावात पाय बसवून देतात, तिकडं नेऊ नका, ताणलेला लिगामेंट ओढून बसत नसतो.

पट्टीचं म्हणाल तर तुमच्या लेकीला ह्या महागड्या पट्टीची आता रोज गरजच नाही. साधी गरमपट्टी घ्या, चार इंची, चांगल्या सुताची. दिवसा बांधायची, रात्री काढायची. ती मात्र धुता येते. कोमट पाण्यात थोडा साबण, पिळायची नाही, टॉवेलात दाबून पाणी काढायचं, सावलीत सपाट वाळवायची, दोरीला लटकवायची नाही आणि इस्त्री नाही. धुतल्यावर तिच्या पिळाच्या धाग्यातला ताण बराच परत येतो. दोन घेतल्या तर एक वाळत असताना दुसरी पायावर.


मैदान_लातूर
गुरुवार, सकाळी ७.००

मी पण भरतीचीच तयारी करूलालोय. ताई, दीदीला सांगा घाई करू नको. मी मागच्या वर्षी घोटा दुखत असताना पट्टी आवळून सोळाशे मीटर मारायला गेलो अन् दुसऱ्यांदा मुरगळला, तीन महिने घरी बसलो. पट्टीनं दुखणं दबतं पण पाय भक्कम होत नाही. मला फिजिओ सरांनी एका पायावर उभं राहायला लावलं होतं, आधी डोळे उघडे मग मिटून, रोज. ते साधं वाटतं पण त्यानंच पाय सुधारला माझा.


कंधारचा_शेतकरी
गुरुवार, दुपारी १.३०

जनावराचं चालंल का इथं? आमच्या लाल कंधारी बैलाच्या पुढच्या पायाला खुराच्या वर तारेनं कापलं, पोळ्याच्या आधी. डॉक्टरनं हीच पट्टी बांधली, आत कापूस अन् औषध, वरून ही, हिरव्या रंगाची. म्हणले एक दिवसाआड बदला. मी पहिल्यांदा काढली तर वरून चिखल लागलेला पण आतून तशीच चांगली दिसली. मग कापूस तेवढा नवा घातला अन् वरची तीच पट्टी परत गुंडाळली. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. माश्या बसू लागल्या. डॉक्टरला बोलावलं तर आत किडे पडायच्या बेतात होते. ते म्हणले माणसाला एकवेळ कळतं तरी दुखतंय का ओलं झालंय का, मुक्या जनावराला कोण विचारणार. तेव्हापासून कापूस बदलला की पट्टी बी नवी. मोठा रोल घेतला तर तुकडा कापून वापरता येतो, सगळा रोल एकदम लागत नाही, हे पण मला नंतर कळलं. हातानंच फाटती ती, कात्री बी लागत नाही.

सिस्टरला एक विचारतो. साप चावल्यावर ही पट्टी गच्च बांधली तर विष वर चढत नाही असं गावात म्हणू लागलेत, खरं हाय का?


सिस्टर_परभणी
गुरुवार, दुपारी ३.४५

दादा, नाही. गच्च काहीही बांधायचं नाही, ना दोरी ना ही पट्टी. आपल्याकडच्या घोणसासारख्या सापाच्या विषानं जागेवरच मांस खराब होतं, वर रक्त अडवलं तर पाय जास्त जातो. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला पाय किंवा हात काठीला अलगद बांधून हलणार नाही असा ठेवा, जोडवी-अंगठ्या-कडं काढा आणि १०८ ला फोन करून जिथं सापाच्या विषावरची लस मिळते त्या सरकारी दवाखान्यात न्या. चिरा देणं, चोखणं, मांत्रिक, ह्यात वेळ घालवू नका.

आणि बैलाचं तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. माणसांच्या बाबतीतही अगदी तसंच होतं, आतलं ड्रेसिंग नवं आणि वरची पट्टी जुनी. वरच्या पट्टीतली ओल नव्या कापसात उतरते.


औसेकर_मेडिकल
गुरुवार, सायंकाळी ७.२०

रोलच्या तुकड्याचं कंधारच्या मामांनी लाख मोलाचं सांगितलं. पैशाचा प्रश्न खरा तिथंच सुटतो. एक रोल ताणून साधारण साडेचार मीटर भरतो, अन् बरेच जण घोट्याला अख्खा रोल गुंडाळतात. एवढे वेढे लागतच नाहीत, उलट फिजिओ दादा म्हणतात तसा दाब वाढतो. बोटाला एक इंची घ्या, मनगटाला दोन, घोट्याला तीन, चार इंची रोल फाडून बोटाला लावत बसू नका. राहिलेला रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून घरातल्या गार जागी ठेवा, चुलीजवळ नको, गाडीच्या डिक्कीत तर नकोच. न वापरलेला रोल सुद्धा उन्हात राहिला की आपल्यातच चिकटून कुजल्यासारखा होतो, उलगडताना तुकडे पडतात. पट्टीखाली बाम किंवा तेल चोळू नका, त्यानं रबर खराब होतं अन् बंद जागेत कातडीची आग होती. रबराची अॅलर्जी असेल तर लेटेक्स-फ्री मागा, मिळती.

कबड्डीवाल्या दादांना एक सुचवतो, प्रत्येक पोराला त्याच्या नावाची एक क्रेप अन् रोजच्यासाठी धुता येणारं अँकलेट, म्हणजे घोट्यावर चढवायचा इलॅस्टिकचा मोजा, घेऊन द्या. मॅचच्या दिवशी तेवढी कोहेसिव्ह. हिशोब केला तर वर्षाचा खर्च कमीच येईल.


कबड्डी_जिंतूर
शनिवार, रात्री ८.५०

डॉक्टरकडं जाऊन आलो. तिघांपैकी दोघांना गजकर्ण, एकाला, ज्याच्या मनगटाला पट्टा होता त्याला, रबराचीच अॅलर्जी. सिस्टर, तुम्ही बरोबर ओळखलं होतं. दोघांना औषध पूर्ण दिवस घ्यायला सांगितलंय, खाज थांबली तरी सोडायचं नाही, अन् कपडे वेगळे. मी सगळ्या पोरांसमोर सांगितलं की खाज सांगितली म्हणून कुणी टीमबाहेर बसणार नाही, न सांगता खेळला तर मात्र बसवीन. जुने अर्धे वापरलेले रोल होते आठ, सगळे टाकून दिले. क्रेपा आणल्या, प्रत्येकावर मार्करनं नाव टाकलंय, पोरांनी आपापली घरी नेऊन धुवायची.


केजची_माय
सोमवार, दुपारी २.१०

सगळ्यांना धन्यवाद, कुणाकुणाचं नाव घेऊ. दोन गरमपट्ट्या घेतल्या चार इंची. पोरीच्या बापानं सिस्टरनी लिहिलं तसं बोटापासून वर बांधायचं शिकून घेतलं, आधी माझ्या पायावर सराव केला. पहिल्यांदा नख पांढरं पडलं ते पांढरंच राहिलं, मग सोडून परत सैल बांधली. आता रोज सकाळी बांधून झालं की ते खाली बसून पोरीचं नख दाबून बघतेत, एक दोन तीन म्हणून मोठ्यानं मोजतेत.

सूज निम्म्याच्या वर उतरलीय. आज ती भिंतीला हात न लावता उजव्या पायावर अठरा सेकंद उभी राहिली. लातूरच्या दादाला सांगा, ती म्हणली डोळे मिटून अजून जमत नाही.

निळ्या रोलचा जो तुकडा उरला होता तो नवाच होता, धुतलेला नव्हे, तो पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, मैदानी चाचणीच्या दिवशी लागला तर लागला म्हणून. अन् ते टाके कापलेले तुकडे कागदात गुंडाळून टाकून दिले.

एक विचारायचं राहिलं फिजिओ दादा, पळायला कधी लागू द्यायचं?


फिजिओ_नांदेड
सोमवार, दुपारी ४.३०

आधी जिना चढ-उतर न दुखता. मग एका पायावर डोळे मिटून वीस सेकंद, दोन्ही पायांवर सारखं. मग दुखऱ्या पायावर दहा उड्या. हे तिन्ही जमलं की सपाट मातीवर हळू धावणं, रस्त्यावरच्या खडीवर नाही, आणि पहाटे पाचला नाही, उजाडल्यावर. पहिल्या दिवशी दोनशे मीटरच. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजलेला नसेल तर पुढं जा, सुजला तर दोन दिवस मागं या. आणि इथं कळवत राहा.